वाघ नसलेल्या जंगलात

पोरानं मला समुद्र दाखवला, पण कधी, तर त्याची माय गेल्यावर. ती होती तेव्हा आम्हा दोघांना बल्लारपूरच्या स्टेशनापलीकडं कोणी नेलं नाही. ती गेली आणि वर्षाच्या आत विमान काय, बोट काय, सगळं निघालं. बाबांचं मन रमेल, असं सून फोनवर कोणाला तरी सांगत होती. माझं मन कुठं रमतं हे मला विचारावं, असं काही तिला सुचलं नाही.

नाताळाच्या सुट्टीत अंदमानात पोरानं एक शिडाची बोट आमच्यापुरती भाड्यानं घेतली. पोरगा, सून, नात आणि मी. बोट हाकणारा एक दाढीवाला माणूस होता, गोव्याकडचा, हिंदी बोलणारा. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. दिवसा शीड लावून या बेटावरून त्या बेटावर जायचं, जनावरं-पाखरं पाहायची, दिवस मावळला की नांगर टाकून बोटीतच निजायचं. मी चंद्रपूरकडच्या मूल तालुक्यातला, धानाच्या बांधीत वाढलेला. इतकं पाणी पाहून पहिल्या दिवशी भीती वाटली, दुसऱ्या दिवशी कंटाळा आला. जिकडं पाहावं तिकडं पाणी, आणि त्यातला एक घोट पिता येत नाही.

निघायच्या आधी पुण्याला आपल्या घरी पोरानं मला बाल्कनीत नेलं आणि दार लोटून घेतलं. आजी बिमारीनं गेली एवढंच नातीला सांगितलंय, तेवढंच राहू द्या, म्हणाला. लहान आहे, घाबरेल. मग म्हणाला, "आणि बाबा, बाहेरच्या लोकांपुढं पण विषय काढू नका. लोक उगाच काहीतरी विचारतात."

लोक काय विचारतील ते मला माहीत होतं. इंजिनिअरची माय पहाटे जंगलात मोहफुलं वेचायला काऊन गेली, हे विचारतील.

पोरगा पैसे पाठवत नव्हता असं नाही, पाठवायचा. तरी ती जायची. आमच्याकडं जंगल सरकारचं असलं तरी मोहाचं झाड त्याचं, जो त्याच्याखालचा पालापाचोळा झाडून जागा साफ ठेवतो. एक हंगाम गेलं नाही की दुसरं कोणी येऊन झाडतं आणि झाड त्याचं होतं. ते झाड तिला सासूकडून, म्हणजे माझ्या मायकडून आलेलं. तिकडं फुलं गळून राह्यली आणि आपण घरात बसलो, हे तिला जमायचंच नाही. मीही जायचो, शेजारच्या झाडाखाली. जंगलात शिरताना काठीनं खोडं वाजवत जायचं, हो हो करून ओरडायचं, म्हणजे जनावर असलंच तर आपणहून बाजूला होतं. वेचायला बसलं की मधूनमधून हाक द्यायची. मी म्हणायचो, "आहेस काय वं?" ती म्हणायची, "हाव."

त्या पहाटेही तिनं हाव म्हटलं होतं. त्यानंतर मी आवाज ऐकला तो तिचा नव्हता, टोपलं उलटल्याचा होता.

मग जंगलखात्याचा साहेब आला. माणूस वाईट नव्हता, त्यानं मला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं. म्हणाला, बाबा, वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो. आपण त्याच्या घरात जातो, त्याचा काय दोष? तेव्हा मी ऐकून घेतलं. ती रोवणीला वाकली, कापणीला वाकली, चुलीपुढं वाकली, त्याच पोराला पाठीवर घेऊन वाकली. वाकायचं नाही तर आमच्याकडच्या बायांनी करायचं काय, हे त्या साहेबाला तेव्हाच विचारायला पाहिजे होतं.

तर हे सगळं तोंडात दाबून मी बोटीत बसलो. नातीला जनावरांचं भारी वेड. गळ्यात दुर्बीण आणि अंगात वाघाचं तोंड छापलेला टी-शर्ट. सकाळी डोळे उघडावे तर समोर वाघ. मी सुनेला हळूच म्हटलं, दुसरं काही घाल तिच्या अंगात. सुनेला कळलं, तिनं निळा फ्रॉक घातला. दुपारपर्यंत पोरीनं तो ओला केला आणि परत वाघ चढवला.

पाहण्यासारखं काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. एक भलंमोठं कासव बोटीजवळ वर आलं, म्हाताऱ्यासारखं डोकं काढून एक दम घेतला, आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली गेलं. नात टाळ्या वाजवत होती. तिची आजी असती तर पहिलं हेच विचारलं असतं, की हे शिजते कितीक वेळात. पण आवाज झाला की कॅप्टन ओठांवर बोट ठेवायचा. हे त्यांचं घर आहे, आपण पाहुणे, असं हिंदीत सांगायचा. पोरगा मान हलवायचा. मी मनात म्हणायचो, तिथं वाघाचं घर, इथं कासवाचं घर. माणसाचं घर कुठी आहे ते कोणी सांगून नाई राह्यलं.

एका बेटाच्या काठावर मगरीची पाटी होती, पाण्यात उतरू नका म्हणून. नातीनं पाटीला टेकून फोटो काढून घेतला. आमच्या गावाबाहेरही वाघाची पाटी लागली आहे. ती माझी बायको गेल्यावर लागली.

त्याच्या पुढच्या बेटावर कॅप्टन आम्हाला एक पाखरू दाखवणार होता. मोरासारखं चकाकणारं कबुतर, मानेवर लांब केसांसारखी पिसं, जमिनीवर दाणे टिपतं आणि जरा आवाज झाला की उडतं. सकाळपासून ते चौघं एका पडलेल्या खोडामागं दबून बसले होते. मला लघवीला लागली म्हणून मी मागच्या बाजूनं झाडीत शिरलो.

झाडी दाट होती, आत अंधारल्यासारखं. पाय पालापाचोळ्यात पडले आणि हात आपोआप काठी शोधायला लागला. एक फांदी सापडली. मी खोडावर हाणली, पुढच्या खोडावर हाणली, हो हो करून ओरडलो. जन्मभराची सवय. त्यात काही विचार नव्हता. दोन खोडं पुढं गेलो आणि मोठ्यानं म्हणालो, "आहेस काय वं?"

उत्तर आलं नाही. पलीकडून फडफड झाली आणि ते पाखरू समुद्रावरून निघून गेलं.

मग सगळे माझ्याकडं आले. पोरगा लाल झाला होता, सकाळपासून बसलो होतो बाबा, एवढंच म्हणाला. कॅप्टन मात्र हसत होता. काका, या जंगलात वाघ नाही, बिनधास्त फिरा, म्हणाला. मग विचारलं, तुम्ही चंद्रपूरकडचे ना, वाघांच्या गावचे? लोक पैसे देऊन जातात तिथं. तुम्ही पाहिलाय का जवळून? नशीबवान आहात.

पोरगा माझ्याकडं पाहून राह्यला. नात दुर्बीण खाली घेऊन उभी होती.

मी म्हणालो, "माही बायको वाघानं नेली."

कॅप्टनचं हसू गेलं. नातीनं बापाकडं पाहिलं. पोरगा खाली बसला, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "आजी फिरायला गेली होती बेटा, जंगलात. तेव्हा झालं ते."

"फिरायले नाई," मी म्हणालो. "मोहफुलं वेचायले गेली होती. तुहा बाप लहान होता तवा तिच्या पाठीवर बसून त्याच झाडाखाली जाये."

पोरीनं विचारलं, खरं का पप्पा? सून तिला उचलून बोटीकडं घेऊन गेली.

त्या रात्री बोटीत कोणी धड जेवलं नाही. पोरगा माझ्याजवळ येऊन उभा राह्यला. म्हणाला, "झालं समाधान?"

"नाई झालं," मी म्हणालो. "तू अजून सांगितलं नाई तिले."

तो पाठ फिरवून निजायला गेला.

सकाळी नात निळा फ्रॉक घालून वर आली, कोणी न सांगता. दुर्बीण गळ्यात नव्हती. बेटावर उतरायची वेळ झाली तर उतरेना. आईचा हात सोडेना. कॅप्टननं सांगून पाहिलं की इथं काहीच नाही, तरी नाहीच. पोर घाबरेल असं पोरगा म्हणाला होता ते खरं झालं. मला बरं वाटलं नाही. तरीही पुन्हा कोणी विचारलं तर मी तेच सांगीन, कारण बिमारी तिच्या आजीला कधी झालीच नव्हती.

पोरगा बराच वेळ बसून होता. मग पँट वर दुमडून गुडघाभर पाण्यात उतरला, काठावर गेला, वाळूतलं एक लाकूड उचललं. झाडीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं खोड वाजवलं. पहिल्यांदा हळू, आजूबाजूला पाहत, मग जोरात. मग हो हो करून ओरडला. आवाज तसाच काढला, जसा त्याची माय काढायची, शेवटाला वर नेऊन. हे मी त्याला शिकवलं नव्हतं. ते तिच्या पाठीवरच शिकला असेल.

"ये," तो पोरीला म्हणाला. "आजी अशीच जायची, काठी वाजवत. मी पुढं आहे. ये, सांगतो."

पोरगी माझं बोट धरून उतरली. तो पुढं काठी वाजवत चालला आणि सांगत चालला, झाड कुठं होतं, फुलं कशी गळतात, टोपलं कसं असतं. मान त्यानं मागं वळवली नाही. कॅप्टन बोटीवरून सगळं पाहत होता, तोंडावर बोट ठेवलं नाही त्यानं. त्या दिवशी त्या बेटावर आम्हाला एकही पाखरू दिसलं नाही.