खिडकीबाईंच्या शेजारची खुर्ची

आमचं थिएटर पाडलं तेव्हा पेपरात त्याचा इतिहास छापून आला. कोणी बांधलं, कोण कोण गाजलं, सगळं. खिडकीबाई त्यात नव्हत्या. मीही नव्हतो, पण दारावर बॅटरी घेऊन उभं राहणाऱ्याला कोण विचारतो!

तिकिटाच्या खिडकीला हात जाईल एवढंच भोक होतं. बत्तीस वर्षं लोकांनी बाईंचे फक्त हात पाहिले. राहायच्या भावाकडे, मागच्या खोलीत, एकट्या. कुणी एकच तिकीट मागितलं, की प्लॅनवर पेन्सिल फिरवून त्याला दुसऱ्या एकट्याच्या शेजारची खुर्ची द्यायच्या. "मध्यंतरात बोलायला कुणी नको का?" मी म्हणायचो, "लग्नंही जुळवा आता!" त्यांनी स्वतः मात्र एक नाटक धड पाहिलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

शेवटच्या प्रयोगाआधी मॅनेजरनं विचारलं, "बाई, तुम्हाला काय हवं?"

"एकदा नाटक बघायचंय. कुणाच्या तरी शेजारी बसून."

मॅनेजर स्वतः खिडकीवर बसला. बाईंनी प्लॅनवर दोन खुर्च्या राखून ठेवल्या.

तिसरी घंटा झाली. बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड, माणसं हळहळत परत गेलेली, आणि बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी. त्या सारख्या वळून दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, भाऊ येणार असेल. नेहमीसारखी टांग दिली मेल्यानं. अस्सा राग आला! दोन अंक दाराला टेकून काढले, पाय भरून आले. बाईंचं ते वाट बघणं बघवेना, म्हणून तिसऱ्या अंकाला बाहेर जाऊन उभा राहिलो.

सहा महिन्यांनी बाई भेटल्या. थिएटरच्या जागेला पत्रे ठोकलेत, त्यांच्यासमोरच्या बसस्टॉपवर. मी म्हणालो, "भावानं त्या दिवशी बरं नाही केलं."

"भावाचं काय? ती खुर्ची तुमची होती, बॅटरीवाले. तुम्हीही एकटेच की."

"अहो, मग बोलायचंत तरी!"

"खिडकीतून कुणाला बोलवायची सवय नाही हो मला. ज्याला हवं तो येऊन मागतो."

तेवढ्यात त्यांची बस आली. त्या कडेला बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. शेजारची जागा रिकामी होती. पण माझं घर उलट्या दिशेला, म्हणून मी चढलो नाही.

हल्ली रोज त्या वेळेला मी स्टॉपवर जाऊन उभा राहतो. बाई पुन्हा दिसलेल्या नाहीत.