पठाणपुऱ्याच्या वेशीतली मासेवाली

सिरोंच्याहून शिकायला चांद्याला आलो, तेव्हा माझ्या तेलुगू वळणाच्या मराठीला वर्गातली मुलं हसायची. मी बोलणंच सोडलं होतं.

पठाणपुऱ्याच्या वेशीत एक मासेवाली बसे. पदर खोचून ती "चेपलू, चेपलू", म्हणजे मासे, असं तेलुगूतच ओरडे. टवाळ पोरं नक्कल करत, तशी ती आवाज आणखी चढवे.

मराठीत का ओरडत नाही, असं एकदा मी तिला हळूच तेलुगूत विचारलं. खवले काढता काढता ती पोरांना ऐकू जाईल अशा मराठीत म्हणाली, "येते ना मले मराठी. पन हे हासतेत म्हनून माही बोली सोडू काऊन? मासे तं इथूनच नेतेत."

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या प्रश्नाला मी उभा राहिलो. वर्ग हसला. उत्तर पुरं करूनच मी खाली बसलो.