भिंतीवरचा फणस

एसटीतून उतरलो की माझ्या शाळेची वाट रोह्याकडच्या एका छोट्या मातीच्या धरणावरून जाते. तिथे एक म्हातारा मला रोज अडवतो. "गुरुजी, पाय हलका टाका. धरणाला हादरा बसतो." मागून त्याच्याच दोन म्हशी धपाधप येत असतात. त्यांचं काय, असं विचारलं की म्हणतो, "त्यांची धरणाला सवय हाय."

त्याचं घर अगदी धरणाच्या भिंतीखाली. मुळं माती धरून ठेवतात म्हणून त्याने भिंतीच्या उतारावर फणस लावलाय आणि रोज कळशीने पाणी घालून वाढवलाय.

मध्यंतरी धरणाच्या पाहणीला पाटबंधारे खात्याचे साहेब आले. मुळांच्या वाटेने पाणी झिरपतं, झाड तोडा, असं बजावलं. म्हाताऱ्याने त्याच झाडाचा पिकला फणस फोडला. साहेबांनी पोटभर गरे खाल्ले, हाताचा चीक खोबरेल तेलाने काढला आणि "पुढच्या पाहणीला बघू" म्हणत गाडीत बसले.

काल म्हातारा कळशी पालथी घालून निवांत बसला होता.

"आज पाणी नाही घातलंत?"

"आता गरजच नाय, गुरुजी," तो खुशीत म्हणाला. "बुंध्याशी आपसूक पाणी येतंय. पार माझ्या अंगणापर्यंत!"

मी पहिल्यांदाच पाय हलके टाकत गेलो.