अकरा दिवस कोरडी

आमचे हे कोकणातले, मी वऱ्हाडातली. बँकेच्या नोकरीपायी ते अकोल्यात आले, लग्न इथेच झालं, आणि बत्तीस वर्षं त्यांनी इथल्या उन्हाबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांचे वडील होड्या बांधत. शाळेच्या सुट्टीत हे त्यांच्या हाताखाली फळ्या तासत. पुढे वडिलांनी शिकायला बाहेर पाठवलं आणि हत्यार हातातून सुटलं. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच ते परतवाड्याहून सागाच्या फळ्या घेऊन आले.

"एक लहान शिडाची होडी करावी म्हणतो," ते म्हणाले.

"अकोल्यात?"

"तुझ्या भावाच्या अमरावतीला तलाव आहेत ना."

अंगणात पत्र्याच्या सावलीत काम सुरू झालं. कागदावर नकाशा नव्हता. दोरी, वीत आणि डोळा, एवढंच माप. बुडाचा लांब कणा झाला, त्यावर बरगड्या उभ्या राहिल्या, मग वाफेवर मऊ केलेली एकेक फळी वाकवून बसत गेली. कॉलनीतली माणसं फाटकाशी थांबायची. शेजारीण म्हणाली, "काकू, काका बोट बनवून राहिले म्हने. समुद्र इकडे आनता काय?" मीही तिच्याबरोबर हसले. घरात आल्यावर मात्र मला त्या होडीची लाज वाटली.

लाज होती, पण तेवढंच नव्हतं. काम करताना ते स्वतःशी मालवणीत बोलायचे. माझ्याशी ते कधीच त्या भाषेत बोलले नव्हते. मी चहा घेऊन गेले की थांबायचे, कप घ्यायचे, आणि पुन्हा शुद्ध मराठीत "ठेव तिथे" म्हणायचे. इतकी वर्षं माझ्या घरात राहिलेला माणूस मला अंगणात परका दिसायला लागला होता.

एप्रिलमध्ये होडी शिडाखेरीज तयार झाली. तलाव तेव्हा तळाला गेलेला, म्हणून पावसाळ्यानंतर सोडायची ठरली. तोवर तिला ओली ठेवणं भाग होतं. त्यांनी मला समजावलं होतं, "इथल्या उन्हात लाकूड आकसलं की जोड उघडतात. फळी तडकलीच तर संपलं." ते सकाळ-संध्याकाळ तिच्यावर गोणपाट अंथरून पाणी मारायचे. आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसांनी येतो. ड्रमातून त्यांची बादली भरताना माझ्या कपाळावर आठ्या यायच्या, आणि त्या त्यांना दिसायच्या.

मेच्या मध्यात गावाकडे त्यांचे थोरले भाऊ पडले, खुब्याचं हाड मोडलं. हे तातडीने निघाले. पिशवी खांद्याला लावून म्हणाले, "दोन्ही वेळा चार-चार बादल्या. विसरू नकोस हं."

"नाही विसरणार. जा तुम्ही."

पहिले पाच दिवस मी पाणी टाकलं. सहाव्या दिवशी नळ आला नाही, सातव्याही नाही. ड्रम तळाला गेले तेव्हा मी होडीचं पाणी बंद केलं, आणि त्यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण आठव्या दिवशी पहाटे नळ आला. सगळे ड्रम भरले, टाकी भरली. मी कूलरमध्ये चार बादल्या ओतल्या, अंगणात सडा टाकला. होडीवर टाकलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर एकदाही नाही.

ते रोज दुपारी फोन करायचे. भावाची तब्येत सांगून झाली की विचारायचे, "होडी?"

"टाकते ना दोन्ही वेळा," मी म्हणायचे. कूलर सुरू असायचा.

सतराव्या दिवशी ते परत आले. त्या सकाळी मी घाईघाईने गोणपाटं भिजवून ठेवली होती. त्यांनी ती उचलली आणि वाकून बघत राहिले. जोडांतून पलीकडचा उजेड दिसत होता. डाव्या बाजूची एक फळी हातभर तडकली होती. मी दारातच उभी होते. मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. फळीवरून बोट फिरवत म्हणाले, "लाकूड निवडण्यात चुकलो. बाबा असते तर ही फळी त्यांनी हातात धरूनच परत केली असती."

मी म्हणाले, "हातपाय धुवून घ्या."

पुढचे अडीच महिने ते तिच्याकडे गेले नाहीत. माझ्या भावाला फोनवर सांगताना मी ऐकलं, "वडिलांचा हात माझ्यात उतरलाच नाही रे. उगाच नादी लागलो." हत्यारं त्यांनी तेल लावून पेटीत ठेवली. ऑगस्टमध्ये एकदा चहा घेताना म्हणाले की सुताराला बोलावतो, फळ्या सोडवून दोन बाकं करून देईल. तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही.

"मी पाणी टाकलं नव्हतं," मी म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला. "किती दिवस?"

"अकरा."

"नळ नव्हता?"

"दोन दिवस नव्हता. मग होता."

"का गं?"

खरं उत्तर इतकं क्षुद्र होतं की तोंडातून निघेना. त्यांनी वाट पाहिली, मग उठून स्वतःचा कप स्वतः विसळला. त्यानंतर कितीतरी दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

एका सकाळी अंगणातून रंध्याचा आवाज आला. दुपारी ते आत येऊन म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, शेतातला सरकी काढलेला कापूस पाठव." कापूस आला. तडकलेली फळी बदलून झाली होती. मी न सांगता शेजारी बसले आणि कापसाचे लांब पेळू वळून देऊ लागले. ते तेलात आणि राळेत भिजवून जोडांत ठोकत गेले. आठवडाभर आम्ही असे बसलो. त्यांनी मला उठवलं नाही, एवढंच.

दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होडी अमरावतीजवळच्या तलावावर गेली. परवानगी भावाने काढली होती. मांडवाच्या जाड कापडाचं शीड वर गेलं, वाऱ्याने भरलं, आणि ते एकटे पाण्यावर निघून गेले. वारा कुठला ते कळावं म्हणून त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून सुकाणूजवळ बांधला होता. इतक्या लांबूनही ते ताठ बसलेले कळत होते.

भाऊ म्हणाला, "ताई, तुह्या साथीनंच झालं हे. दुसरी बाई असती तं अंगनातून हाकलून देल्ली असती भावजीले."

त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. आमच्या ह्यांनी त्याच्याकडे स्वतःचंच चुकलं म्हणून कबूल केलं होतं, आणि ते त्यांनी नंतरही दुरुस्त केलं नव्हतं.

"तसं नाही रे," मी म्हणाले, आणि काठावरच्या दगडावर बसून त्याला मेपासून सांगायला लागले.