चिकटवलेली पानं

अंबादास राऊळ भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर होते, आणि संध्याकाळी मुलुंडच्या एका वाचनालयात किशोर विभागाचे मानद प्रमुख. किशोर विभाग म्हणजे एक खोली आणि तिच्यातलं एक कपाट. कारखान्यात सतरा वर्षांत त्यांना कुणी 'किती वाजले?' याखेरीज काही विचारलं नव्हतं. इथं मात्र मुलं विचारत, "काका, कुठलं नेऊ?" एवढ्यासाठी अंबादास डबा रिकामा करून थेट इकडे येत.

बारा ते सोळा वयाच्या मुलांच्या हाती योग्य कादंबरीच पडावी, हा त्यांचा ध्यास. पळून जाणारी मुलगी, बापाला उलट बोलणारा मुलगा, भूत, दारू, चांदणं, यांपैकी काहीही दिसलं की ती पानं ते खळ लावून चिकटवून टाकत. चांदण्याचा तसा गुन्हा काही नव्हता, पण कादंबरीतली माणसं चांदण्यातच बिघडतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. खळ घरून यायची. त्यांची बायको सोनूबाई मैदा शिजवताना म्हणायची, "एवढ्यात शंकरपाळे झाले असते, पोरांनी नाव तरी काढलं असतं."

मुळातच निर्मळ अशा तीस कादंबऱ्यांची ते स्वतः शिफारस करत. "ही ने. कर्तव्यदक्ष मुलाची गोष्ट. सव्वातीनशे पानं, एकही वाईट नाही." मुलं पुस्तकाकडे बघत, मग काकांकडे बघत, आणि यंदा अभ्यास फार आहे म्हणत.

अडुसष्ट सालच्या जूनमध्ये अध्यक्ष भाऊराव येऊन म्हणाले, "अंबादासराव, महिन्याभरात शंभर पुस्तकं गेली नाहीत, तर कपाट माळ्यावर आणि इथं कॅरम. पोरं वाचत नाहीत, तर खेळू देत." लगेच कॅरम बोर्ड आणून भिंतीला टेकवलासुद्धा!

दुसऱ्याच दिवशी आठवीतली शकु आली. "काका, चिकटवलेलं कुठलंय?"

"चिकटवलेलं कशाला?"

"किटलीच्या वाफेवर धरलं की सुटतं ना! वर्गात नंबर लावलेत आम्ही. साधं नेऊन काय करू?"

अंबादासांच्या कानशिलापर्यंत संताप चढला. तेवढ्यात कॅरम बोर्डावर नजर गेली, आणि तो चढला तसा उतरला. सोनूबाईंनी त्या आठवड्यात दुप्पट मैदा शिजवला. तिसाच्या तीस निर्मळ कादंबऱ्यांत अंबादासांनी हाताला येतील ती चार-चार पानं डोळे मिटून चिकटवली.

मग काय! कर्तव्यदक्ष मुलासाठी भांडणं लागली. मुलुंड कॉलनीतून मुलं आली, नाहूरहून आली. महिना संपायच्या आतच रजिस्टरात एकशे बारा नोंदी झाल्या.

भाऊरावांनी नोंदी पाहिल्या, परत आलेलं एक पुस्तक उघडलं, आणि सोडवलेल्या पानांवरचे खळीचे डाग पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे काय? काय आहे या पानांत? मुलांना देता तुम्ही हे?"

अंबादास पेचात पडले. काही नाही म्हणावं तर लबाडी उघडी, आहे म्हणावं तर अब्रू गेली. आणि खरी अडचण त्याहून मोठी होती. ते पुस्तक त्यांनी कधी वाचलंच नव्हतं. निर्मळ पुस्तक तपासायची त्यांना गरजच काय?

तेच पुस्तक नुकतंच परत केलेली शकु तिथंच उभी होती. "काय नाय हो भाऊरावकाका त्यात. बाप-लेक विहीर खणतात. मी जाम चिडले."

"मग सगळं वाचलंस कशाला?" भाऊरावांनी विचारलं.

"म्हटलं, पुढे असेल काहीतरी. मग त्याची आई घर सोडून निघते ना, तिथून ठेवताच येईना."

"आई? का निघते?" भाऊराव.

"सांगणार नाय. वाचा."

भाऊरावांनी इकडेतिकडे पाहिलं, पुस्तक रुमालात गुंडाळलं आणि जाताना शिपायाला म्हणाले, "तो बोर्ड व्यायामशाळेत नेऊन टाक रे."

"आई परत येते का गं?" अंबादासांनी हळूच विचारलं.

शकु बघतच राहिली. "काका, तुम्हीच तर सांगत होतात ना, ही ने म्हणून?"

अंबादासांनी मान खाली घालून रजिस्टर उघडलं आणि त्या पुस्तकापुढे भाऊरावांचं नाव लिहून त्याखाली स्वतःचं लिहिलं.