पायाला सुपडं बांधलेली भिकुबाई

भिकुबाई, पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझी कॅनडाची गोष्ट मी लिहून काढते आहे, कारण तू सांगतेस तेव्हा दर खेपेला तो डोंगर थोडा वाढतो. परवा तर तू त्यावर अस्वलही चढवलंस. तेव्हा आता गप बस आणि मला सांगू दे.

तर ही भिकुबाई दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातली. वय अडुसष्ट. शेतातलं काम सगळ्याच बायका करतात, हिची खासियत म्हणजे ट्रॉलीतला कापूस दाबणं. खालून गडी पाट्या टाकतात आणि वर कोणाला तरी तो सतत तुडवावा लागतो, नाहीतर फुगलेल्या कापसाने ट्रॉली निम्म्यातच भरते. नवखा माणूस मांडीपर्यंत रुततो, मग कापूस राहतो बाजूला आणि त्यालाच उपसावं लागतं. भिकुबाई मात्र पाय फाकवून, गुडघे उचलून, वर अशी फिरते की जणू अंगणच. चाळीस वर्षं तिच्या पायाखालून गेल्याशिवाय घरचा कापूस गावाबाहेर पडला नाही.

गेल्या दिवाळीनंतर मुलाने, स्वप्नीलने, पहिल्याच ट्रॉलीला तिच्या हातची शिडी काढून घेतली.

"माय, आते तू खाले बस. पडशी."

"मी काय लोनचं शे का, बरणीमा घालीसन ठेवाले?"

स्वप्नील ऐकेना. उरलेला कापूस, भाव वाढेल म्हणून, फेब्रुवारीपर्यंत घरात ठेवायचा ठरला आणि आईला लेकीकडे, कॅल्गरीला. दोघांचीही सोय लागली म्हणायची.

तिथे लेक मेघा आणि जावई लीलाधर तिला बर्फातल्या सहलीला घेऊन गेले. पाय रुतू नयेत म्हणून तिथे बुटांखाली रुंद, जाळीदार पट्ट्या बांधतात. भिकुबाईने एक उलटसुलट करून पाहिली. "सुपडं शे," तिने निकाल दिला. लाल दाढीचा वाटाड्या तिच्याकडे बघत राहिला: लीलाधरची पॅन्ट, त्यावर कासोट्याचं लुगडं, त्यावर मेघाचं जाकीट. मग तो मेघाशी हळूच काही बोलला. इंग्रजी येत नसूनही भिकुबाईला ते बरोबर कळलं. चेहरा अगदी स्वप्नीलचा होता, फक्त दाढी लावलेला.

मेघाने चाचरत सांगितलं की आजींनी खालच्या केबिनमध्ये बसावं, तिथे ऊब आहे, कॉफी आहे.

"त्याले सांग, काफी तूच पे."

आणि चालायला लागली. चार पावलांत तिला उमगलं की हा कापूसच आहे, नुसता गार. अर्ध्या तासाने सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्या पाठीला लागून भिकुबाई, आणि बरंच मागे, कंबरेपर्यंत रुतलेले इंजिनिअर लीलाधर.

"जवाईबुवा, पाय फाकाडीसन टाका! गुडघा वर ल्या! बठ्ठा भार टाचवर कशाले?"

"येतोय ना आई," लीलाधर म्हणाले, जागचे न हलता.

माथ्यावर वाटाड्याने स्वतःहून तिचा फोटो काढला, कमरेवर हात ठेवून उभी. ही कुठे शिकली, असं त्याने विचारलं. ट्रॉली इंग्रजीत समजावण्याइतका दम मेघात उरला नव्हता. ती म्हणाली, "घरी."

उतरल्यावर सगळे जेवायला गेले ते थेट बिअर बनवतात त्या कारखान्याच्या खानावळीतच. हे आईला कसं सांगायचं, याचे शब्द मेघा गाडीतच जुळवत होती. भिकुबाईने दारातच नाक वर केलं. "हाई ते बिबड्यासनी जवारी शे!" बिबड्यांच्या पापडांसाठी ज्वारी तीन दिवस भिजवली की घरभर जो आंबूस वास सुटतो, तोच. मग तिला कोण थांबवतो? पिंपात हात घालून तिने बिअरसाठी भिजवलेला सातू बोटांनी दाबून पाहिला, चोथा गुरांना जातो का ते विचारलं, आणि जातो म्हटल्यावर तिथल्या लोकांबद्दल तिचं मत चांगलं झालं. बटाट्याचं दाट सूप दोन वाडगे, काळा पाव अर्धा, वर पिशवीतली स्वतःची मिरचीची चटणी. बिअर चाखली की नुसती हुंगली, यावर लेक-जावयाचं आजही एकमत नाही. पण "एक दिवस जास्त आंबाडी दिनी," म्हणजे आंबवायला एक दिवस जास्त झाला, असं ती म्हणाली, हे दोघांनाही मान्य आहे.

फेब्रुवारीत परत आली ती फोटो घेऊनच. मी गावातलीच, दर महिन्याला डोळे दाखवायला धुळ्याला जाते, म्हणून तिने तो माझ्या फोनवर पाठवायला लावला. "बाई, मोठा करी आना. स्वप्नील चहा पेस तठेच टांगस. मंग पाहू शिडी कोन काढस."

फ्रेमचं माप विचारायला मी गेले तर दारात ट्रॅक्टर उभा. रोजाने आणलेले दोन धट्टेकट्टे गडी कापसात मांडीपर्यंत रुतलेले, ट्रॉली अर्धीमुर्धी भरून थांबलेली, आणि भिकुबाई शिडीवर. खाली स्वप्नीलने पुढे होऊन शिडी धरली.

वरून तिने मला पाहिलं. "बाई, फोटो?"

"पुढच्या खेपेला."

त्यानंतर मी धुळ्याला तीनदा जाऊन आले. फोटो अजून फोनमध्येच आहे. दिवाळीआधी आणायला हवा, स्वप्नीलचा काही नेम नाही.