पहिली भाकर

नवरा गेला त्या वर्षी, दवाखान्यातल्या चादरी धुणारी ती बाई चर्चमध्ये प्रार्थनेला बसली असताना पाळकांनी शास्त्रातल्या एका विधवेची गोष्ट सांगितली. घरात मूठभर पीठ उरलेलं असताना तिने दारात आलेल्या संदेष्ट्याला आधी भाकर करून दिली आणि तिच्या मडक्यातलं पीठ पुढे सरलंच नाही. बाईने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तव्यावरची पहिली भाकर पाहुण्याची, असा तिने नेमच धरला.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. त्या गरम भाकरीकडे हात गेला की चापट बसायची. "ती आपली नाही," एवढंच ती म्हणायची. पाहुणा काही कधी फिरकला नाही. संध्याकाळपर्यंत भाकर वाळून कडक झाली की मायलेक तीच पाण्यात भिजवून खायचे. पीठ सरलं नाही हे खरं. पण ते चादरी पिळून पिळून वाकड्या झालेल्या बोटांमुळे, हे पाळकांना कोण सांगणार?

मुलगा मोठा झाला, लांब नोकरीला लागला. परवा चार वर्षांनी आला. बॅग दाराशीच ठेवून तिच्याजवळ येऊन बसला. बाईने पहिली भाकर त्याच्या ताटात वाढली.

तो हसला. "आई, ही तर पाहुण्याची ना?"

"तुझी गाडी किती वाजताची?"

"चारची. आजच निघायचंय."

"मग तुझीच आहे ती," बाई म्हणाली आणि दुसरी थापायला वळली. "गरम आहे तोवर खा."